मागण्याआधीच दिलेले व्हिडिओ

गावातल्या शाळेच्या ग्रंथालयाला शैक्षणिक व्हिडिओ हवे आहेत असं चार ओळखीच्या माणसांना सांगितलं, की शाळेकडे साधारण दोन गोष्टी येतात. एक म्हणजे कुणाच्या तरी घरच्या माळ्यावरून उतरवलेलं सीडी-डीव्हीडींचं खोकं. दुसरी म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली यूट्यूबच्या लिंकांची लांबलचक यादी. सीडी लावायला शाळेच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो आणि लिंक उघडायला वर्गात रेंज नसते. देणाऱ्यानं मनापासून दिलेलं असतं, शाळेनं आभाराचं पत्रही पाठवलेलं असतं, पण मुलांनी त्यातलं काहीच पाहिलेलं नसतं.

याचं वाईट अधिक वाटतं, कारण टंचाई व्हिडिओंची नाहीच. उत्तम शैक्षणिक व्हिडिओ करणाऱ्या कितीतरी लोकांनी आणि संस्थांनी आपलं काम लेखी परवानगीसह आधीच सगळ्यांना देऊन टाकलेलं आहे. ते शोधायचं कुठे, उतरवून घ्यायला मुभा आहे की नाही हे ओळखायचं कसं आणि इंटरनेट नसलेल्या शाळेत ते चालवायचं कसं, एवढंच काम उरतं. दात्याकडे मागायचीच असेल तर या कामासाठी मदत मागावी.

पडद्यावरून शिकवण्याचा आपल्या देशातला इतिहास पाहिला, तर शाळेनं स्वतःची प्रत जवळ का ठेवावी हे चटकन कळतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या अँटेना उभारून त्यावरून थेट कार्यक्रम दाखवले गेले. रोज चार तासांचं प्रक्षेपण असे आणि त्यातला सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखलेला असे. मुलांच्या कार्यक्रमांमागे दिल्लीचं शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्र होतं आणि ते उभं करण्यात मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचा मोठा वाटा होता. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा छोटासा ॲनिमेशनपट त्यांचाच. त्याला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि तो पाहिलेली माणसं आज आजी-आजोबा झाली तरी त्यांना तो आठवतो. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला आणि बहुतेक खेड्यांतलं ते प्रक्षेपण थांबलं.

पुढे इन्सॅट हे आपले स्वतःचे उपग्रह आल्यावर काही राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाल्या. महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली, तीच आपली बालचित्रवाणी. दूरदर्शनवर सकाळी लागणारे तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. गणित, विज्ञान, भाषा, गोष्टी, कळसूत्री बाहुल्या असे कितीतरी विषय तिनं मराठीत, मराठी मुलांसाठी हाताळले. हजारो कार्यक्रम तयार झाले. निधीचा प्रश्न बरीच वर्षं चिघळत राहिला आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. मराठी शिक्षणाच्या दृष्टीनं हे नुकसान फार मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. ज्या शाळांनी ते कार्यक्रम केवळ प्रक्षेपणाच्या वेळी पाहिले, त्यांच्या कपाटात त्यातलं काहीच उरलं नाही. संस्था बंद होते, उपग्रह हलतो, संकेतस्थळाचा पत्ता बदलतो. शाळेतल्या डिस्कवरची फाइल मात्र शाळेचीच राहते.

आता देऊन ठेवलेल्या गोष्टींकडे येऊ. मराठी शाळेनं पहिलं नाव घ्यावं ते अरविंद गुप्ता यांचं. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरी करत असताना मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार करू लागला. २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून करायच्या खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ तयार केले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या शोधिकेच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’ आहे. बहुतेक व्हिडिओ मिनिट-दोन मिनिटांचे आहेत, त्यातले कितीतरी मराठीत आहेत आणि ते कुणीही विनामूल्य घ्यावेत म्हणूनच गुप्तांनी ठेवले आहेत. मला त्यांचं मोल वाटतं ते आणखी एका कारणासाठी. यातला एखादा व्हिडिओ पाहून झाल्यावर मूल पडद्यासमोर बसून राहत नाही. ते स्ट्रॉ, रबर, जुनं रिफील शोधायला उठतं.

मोठ्या मुलांसाठी, आणि त्याहून अधिक शिक्षकांसाठी, आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प आहे. संगणक वापरायला शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतः करून पाहायचं, अशी त्यांची रचना आहे. आरोग्य आणि पोषण या विषयावरचे पाठही त्यांनी केले आहेत. माता-पालक मेळाव्यात दाखवायला त्याहून चांगलं साहित्य सापडणं अवघड. हे पाठ इंटरनेटशिवाय वापरण्यासाठी एकत्र उतरवून घेण्याची सोय त्यांनीच केलेली आहे.

एनसीईआरटीनं मुक्त शैक्षणिक साहित्याचं राष्ट्रीय भांडार २०१३ मध्ये सुरू केलं. २०१७ च्या शिक्षक दिनी ‘दीक्षा’ आलं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड याच मंचाकडे नेतात. दीक्षाच्या ॲपमध्ये साहित्य आधी उतरवून नंतर नेटशिवाय पाहता येतं, हे बऱ्याच शिक्षकांपर्यंत पोचलेलं नाही. डीडी फ्री डिशवर महिन्याचं शुल्क न भरता पीएम ई-विद्येच्या वाहिन्याही दिसतात, पण तिथे वेळापत्रक वाहिनीचं असतं, वर्गाचं नव्हे. खगोलासाठी नासाकडचं चित्रण आहे. ते सर्वसाधारणपणे कॉपीराइटच्या बंधनात नसतं आणि शाळेत खुशाल वापरता येतं. मराठी निवेदन अर्थातच शिक्षकालाच करावं लागतं, आणि ते तसंच बरं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो यूट्यूबबाबत. तिथे व्हिडिओ फुकट पाहता येतो म्हणजे तो उतरवून घ्यायला मोकळा आहे असं लोक धरून चालतात. तसं नाही. पाहण्याची मुभा वेगळी आणि प्रत ठेवण्याची वेगळी. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी किंवा हक्कदारानं दिलेल्या सोयीखेरीज फाइल उतरवता येत नाही. पण तिथेच शोधाच्या गाळणीत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ असा पर्याय असतो. तो निवडला की निर्मात्यानं स्वतःहून मोकळे केलेले व्हिडिओच समोर येतात. अशा व्हिडिओची मूळ फाइल बहुधा निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही असते. ती तिथूनच घ्यावी.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने पहिल्यांदा डिसेंबर २००२ मध्ये निघाले. व्हिडिओखाली दोन-दोन अक्षरांच्या खुणा दिसतात, त्या वाचता आल्या की निम्मं काम झालं. ‘बाय’ म्हणजे निर्मात्याचं नाव द्या आणि वापरा. ‘एनसी’ म्हणजे त्यावर पैसे कमावू नका. शाळेला याची अडचण होत नाही. ‘एसए’ म्हणजे तुम्ही त्यात बदल करून वाटलंत तर तेही याच अटींवर वाटा. ‘एनडी’ म्हणजे प्रत करा, वाटा, पण बदललेली आवृत्ती वाटू नका. ही शेवटची खूण आपल्यासाठी महत्त्वाची आहे. ‘टेड’ या व्याख्यानमालेची भाषणं या खुणेची असतात. म्हणजे ती शाळेत जशीच्या तशी दाखवता येतात, पण त्यांवर मराठी आवाज चढवून ती वाटायची तर वेगळी परवानगी लागते. स्पोकन ट्यूटोरियलचे पाठ ‘बाय-एसए’ आहेत, त्यामुळे त्यांचं रूपांतर करायला पूर्ण मोकळीक आहे.

परवान्याची खूणच नसेल तर? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा शाळांच्या बाबतीत बराच उदार आहे. कलम ५२ नुसार प्रेक्षक म्हणून शाळेतले शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसंच असतील, तर शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखवणं हा हक्कभंग ठरत नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रतही त्याच कलमात येते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या ‘शिकवण्याच्या ओघा’चा अर्थ बराच व्यापक लावला. ते प्रकरण छापील मजकुराचं होतं, हे विसरू नये. म्हणून सरळ मार्ग असा, की वर्गात दाखवताना निश्चिंत असावं, पण एका शाळेनं मिळवलेली परवान्याविना फाइल तालुक्यातल्या पन्नास शाळांना वाटत सुटू नये.

जुन्या चित्रपटांचा आणखी एक दरवाजा उघडा आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क तो प्रदर्शित झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी प्रदर्शित झालेले माहितीपट आता सार्वजनिक झाले आहेत. मुंबईतली फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या पहिल्या सोळा-सतरा वर्षांतल्या माहितीपटांना हा नियम लागू होतो. इतिहासाच्या तासाला स्वातंत्र्यानंतरचा देश प्रत्यक्ष दिसावा, यासाठी हे चित्रण अनमोल आहे.

आणि छोट्या निर्मात्यांना थेट पत्र लिहावं. पक्ष्यांचं, किल्ल्यांचं, हातमागाचं, मिठागरांचं सुरेख चित्रण करणारी कितीतरी मराठी माणसं आहेत. त्यांच्या व्हिडिओवर कुठलाही परवाना लिहिलेला नसतो, कारण तो लिहायचा असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. कोणता व्हिडिओ, कोणत्या इयत्तेसाठी, किती शाळांत, कोणतंही शुल्क न घेता, नाव कायम ठेवून, एवढं पत्रात स्पष्ट लिहिलं तर होकार येण्याची शक्यता चांगली असते. आलेलं उत्तर छापून फाइलला लावावं. मुख्याध्यापकांची बदली झाली तरी तो कागद शाळेत राहतो.

परदेशातले मराठी नातेवाईक शाळेसाठी डीव्हीडींचे संच आणतात तेव्हा एक अडचण हमखास येते. डीव्हीडीवर प्रदेशाची खूण असते. अमेरिकेतली डिस्क पहिल्या प्रदेशाची आणि भारत पाचव्या प्रदेशात, त्यामुळे इथला प्लेअर ती नाकारतो. शाळेतली मराठी मुलं इंग्रजी निवेदनाच्या वेगानं दमतात, ते वेगळंच. त्या नातेवाइकांना डिस्क आणू नका, हार्ड डिस्क आणा, असं मोकळेपणानं सांगावं.

इंटरनेट नसलेल्या शाळांसाठी जगात बरंच काम झालं आहे. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यातलं माझं आवडतं. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा एखादा जुना लॅपटॉप घ्यायचा, त्यात कोलिब्री आणि निवडक साहित्य भरायचं, की तो वर्गापुरतं वायफाय पसरवतो. मुलं टॅबलेट किंवा फोन त्याला जोडतात आणि इंटरनेट नसतानाही व्हिडिओ पाहतात, सराव सोडवतात. विकिपीडिया डिस्कवर भरून देणारं ‘किविक्स’ही असंच आहे. शहरात चांगलं कनेक्शन असलेल्या घरी हे सगळं एकदा उतरवायचं आणि शाळेत नेऊन ठेवायचं. एवढं तंत्र जमत नसेल तर साधा पेन ड्राइव्ह आणि टीव्हीसुद्धा पुरतो. एका सेकंदाला एक मेगाबिट या वेगाचा, म्हणजे वर्गात पाहायला पुरेसा स्पष्ट व्हिडिओ धरला, तर ६४ जीबीच्या ड्राइव्हवर सुमारे १४० तास मावतात आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर दोन हजार तासांहून जास्त. आठवड्याला दोन तास दाखवणाऱ्या शाळेला त्या पेन ड्राइव्हमधलंच साहित्य वर्षभरात संपणार नाही.

फाइल एमपीफोर प्रकारची आणि एच.२६४ पद्धतीनं दाबलेली असावी, कारण जुना-नवा जवळजवळ प्रत्येक टीव्ही ती ओळखतो. नव्या पद्धतींच्या फाइली जुन्या टीव्हीवर नुसता आवाज देतात किंवा तेवढंही करत नाहीत. त्या ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरनं बदलून घेता येतात. जुने टीव्ही फॅट३२ प्रकारचाच पेन ड्राइव्ह वाचतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. काही टीव्ही देवनागरीतलं फाइलचं नाव नुसत्या चौकोनांत दाखवतात, म्हणून प्रत्येक फाइलच्या नावाआधी एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या मराठी यादीत असावा. डिस्क नेहमी दोन ठेवाव्यात, एक वापरायला आणि एक कुलपात. कोकणातल्या पावसाळ्यात सीडीवर बुरशी धरते हे तिकडच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

निवड मात्र दात्यावर सोडू नये. ती शिक्षकानंच करावी, आणि प्रत्येक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून करावी. यात वेळ जातो आणि याच कामाला कुणी दाद देत नाही. परदेशी बालवर्गांच्या व्हिडिओत वर्षाला चार ऋतू असतात आणि हिवाळा म्हटला की बर्फ पडतो. आपल्या मुलाला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा ठाऊक असतात आणि पावसाळा त्या व्हिडिओत नसतोच. अंतरं मैलांत आणि तापमान फॅरनहाइटमध्ये येतं. भारताचा नकाशा आपल्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही असं अनेकदा होतं, आणि तो तसाच वर्गात दाखवणं शाळेला महागात पडू शकतं. चंद्राच्या कलांचा व्हिडिओ ऑस्ट्रेलियात चित्रित केलेला असेल, तर कोर आपल्याला दिसते त्याच्या उलट्या बाजूला झुकते. असा फरक मुलांना आधी सांगून आकाशाकडे पाहायला लावलं तर तोच व्हिडिओ उत्तम पाठ होतो, पण त्यासाठी शिक्षकाला तो आधी कळलेला हवा.

पुस्तकाचं पान पडद्यावर दाखवून मागे कुणी ते वाचून दाखवतं, असले व्हिडिओ भरपूर मिळतात. ते बेलाशक गाळावेत. पुस्तक मुलाच्या हातात आहेच. पडद्यानं ते दाखवावं जे पुस्तकाला आणि वर्गाला जमत नाही: आठ दिवसांत उगवणारं बी अर्ध्या मिनिटात, फुलपाखराच्या पंखाची फडफड सावकाश, मेळघाटातल्या मुलाला समुद्राची भरती, रत्नागिरीच्या मुलाला लोणारचं विवर. लांबीही कमी असावी. एडएक्स या मंचावरच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी माणसं साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत असं दिसलं. ती प्रौढ, स्वतःहून शिकायला आलेली माणसं होती. चौथीच्या वर्गाला त्याहून कमी दाखवावं आणि मध्ये थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारावं. यादीत प्रत्येक व्हिडिओपुढे इयत्ता, घटक, मिनिटं, भाषा, परवाना आणि थांबवून विचारायचा एक प्रश्न, एवढं लिहिलेलं असलं की उद्या येणारे नवे शिक्षकही तो वापरू शकतात.

म्हणून दात्यांना लिहायच्या पत्रात व्हिडिओ मागूच नयेत. दोन हार्ड डिस्क मागाव्यात. एक चांगला स्पीकर मागावा, कारण टीव्हीचा आवाज चाळीस मुलांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि हे देणाऱ्याच्या कधी लक्षात येत नाही. वीज जाते तिथे इन्व्हर्टर मागावा. ४३ इंची एलईडी टीव्ही शंभर वॉटच्या आसपासच वीज घेतो, त्यामुळे एका बॅटरीवर शाळेचा दिवस निभावतो. खिडक्यांना जाड पडदे मागावेत. आणि शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडे त्यांचे चार रविवार मागावेत. शिक्षकानं दिलेल्या यादीप्रमाणे परवाना तपासून फाइली उतरवायच्या, क्रमांक द्यायचे, टीव्हीवर चालतात का पाहायचं, एवढं त्यांनी करावं. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. ते पुस्तकांसाठीच राहू द्यावं. आलेल्या डिस्क आणि स्पीकर मात्र डेडस्टॉक रजिस्टरला चढवावेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नोंदवावेत, नाहीतर चोरीच्या भीतीनं ते कपाटातच बसतात.

हे जमलं की पुढचं काम शाळेला स्वतःलाच करता येतं. ‘बाय’ किंवा ‘बाय-एसए’ परवान्याचा एखादा हिंदी किंवा इंग्रजी व्हिडिओ घ्यायचा, सातवीच्या मुलांनी त्याचं निवेदन मराठीत लिहायचं आणि मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायचं. नंदुरबारच्या शाळेत ते भिलीत होऊ शकतं, मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत. पहिलीत आलेल्या मुलाला घरची भाषा पडद्यावर ऐकू येते, आणि या भाषांत असं साहित्य फार थोडं असल्यानं अशा एकेका फाइलची खरी गरज आहे. वर्गाची दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरला की आवाज पुरेसा स्वच्छ येतो. शेवटच्या पाटीवर मूळ निर्मात्याचं नाव, परवाना आणि ‘आवाज : इयत्ता सातवी’ असं लिहायचं आणि ती फाइल पुढच्या केंद्र परिषदेला पेन ड्राइव्हवर घेऊन जायची.